१३० मीटरवरचं माहेर

इन्फ्रारेड आठवतंय? तुमच्यातल्या पस्तिशी ओलांडलेल्यांना नक्की आठवेल. कॉलेजच्या कट्ट्यावर दोन मोबाइल नाकाला नाक लावून ठेवायचे आणि एखादी रिंगटोन याच्यातून त्याच्यात जाईपर्यंत कुणी हलायचं नाही. कुणाचा चहाचा ग्लास मध्ये आला की ट्रान्स्फर फेल. पुन्हा पहिल्यापासून. मग ब्लूटूथ आलं, वाय-फाय आलं, आणि समोरासमोर बसायची गरजच संपली. आता पलीकडचा माणूस कुठल्या गावात बसलाय हे ठाऊक नसतं, तरी फाइल पोचते.

२०२४ च्या दिवाळीपासून पुढचे सहा महिने मी पुन्हा एकदा नाकाला नाक लावण्याच्या उद्योगात होते. या वेळी दोन टोकांमध्ये अंतर होतं १३० मीटर. आणि पलीकडच्या टोकाला होतं माझं माहेर.

मी राहते करंजाड्यात. पनवेल शहरातून गाढी नदी ओलांडली की सिडकोनं वसवलेली ही वस्ती लागते. वन-बीएचकेचा हप्ता झेपतो म्हणून आलेले ऑफिसवाले, उरणच्या बंदरात कामाला जाणारे, आणि तिसरे आमच्यासारखे, ज्यांचं गाव विमानतळाखाली गेलं. नवी मुंबई विमानतळासाठी दहा गावं उठली, त्यातलं एक आमचं. जमिनीच्या बदल्यात साडेबावीस टक्के विकसित भूखंड, घराच्या बदल्यात वेगळा भूखंड, असं ते पॅकेज. घराच्या भूखंडावर दादानं चार मजली इमारत बांधली. तिच्या समोर एक मोकळा प्लॉट आहे. तिथे संध्याकाळी क्रिकेट चालतं आणि बाकी वेळ पाण्याचा टँकर उभा असतो. त्या प्लॉटच्या पलीकडे जी सात मजली सोसायटी, तिच्या तिसऱ्या मजल्यावर मी भाड्यानं राहते.

सख्ख्या भावाची इमारत समोर असताना बहीण भाड्यानं का राहते? विचारा, सगळेच विचारतात. दादानं माझ्यापुढे हक्कसोड पत्र ठेवलं आणि मी सही केली नाही. १९९४ साली महाराष्ट्रानं आणि २००५ साली देशानं मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा दिला. वडील २००५ मध्ये हयात होते की नव्हते याच्याशी त्याचा संबंध नाही, हेही २०२० साली सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं. पण बहिणीनं सही करायची आणि भावानं तिला जन्मभर माहेर द्यायचं, हा आमच्याकडचा कायदा त्याहून जुना आहे. दादाची बाजूही सांगायला हवी. माझ्या इंजिनीअरिंगची फी त्यानं भरली. मोर्च्यात तो गेला, सरकारी कचेऱ्यांच्या रांगेत तो उभा राहिला. मी तेव्हा पुण्यात नोकरी करत होते. त्याच्या हिशोबात या भूखंडाचा प्रत्येक चौरस मीटर त्यानं घाम गाळून मिळवलेला आहे. माझ्या हिशोबात जमीन बाबांची होती आणि बाबांना मुलं दोन होती. २०२१ पासून आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर तर त्यानं मला ब्लॉकच केलंय.

मधल्या काळात दोन घरांतला वायरलेस म्हणजे आई. ती दादाकडे राहते आणि रविवारी माझ्याकडे येते. तिचं फिल्टर जबरदस्त. तिकडचं जे इकडे यायला नको ते वाटेतच गळून जातं आणि माझ्यापर्यंत पोचते ती सुक्या बोंबलाची चटणी.

असो. आता लेझरकडे वळू.

माझा भाचा, म्हणजे दादाचा मुलगा, तेव्हा इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होता. शेवटच्या सेमिस्टरला प्रोजेक्ट करावा लागतो. बरीच मुलं तो दुकानातून तयार आणतात, रिपोर्टसकट. या पठ्ठ्याला स्वतः करायचा होता. एक दिवस तो थेट माझ्या दारात. "आत्या, लेझरवरून सीरियल डेटा पाठवायचाय. रिसीव्हर तुझ्या बाल्कनीत लावू?"

मी इंडस्ट्रियल ऑटोमेशनमध्ये काम करते, त्यामुळे सीरियल म्हटल्यावर माझे कान टवकारतात. (टीव्हीवरची नव्हे.) सीरियल म्हणजे अक्षरांनी एका मागोमाग एक, एका ओळीत जाणं. कॉम्प्युटरच्या पाठीमागे पूर्वी नऊ पिनांचं पोर्ट असायचं ते हेच. त्यामागचं आरएस-२३२ हे स्टँडर्ड १९६० सालचं. तुमच्या लॅपटॉपवरून ते कधीच गेलं, पण कारखान्यातला वजनकाटा, जुनी सीएनसी मशीन, बारकोडचा प्रिंटर ही मंडळी अजूनही याच भाषेत बोलतात. भाषा इतकी साधी आहे की कागदावर समजावता येते. ओळ शांत असताना सिग्नल 'एक' असतो. बोलायचं असलं की आधी एक 'शून्य', म्हणजे 'ऐक, सांगतोय'. मग आठ बिट, म्हणजे एक अक्षर. मग पुन्हा 'एक', म्हणजे 'झालं सांगून'. बस. हाच एक-शून्याचा खेळ वायरीऐवजी प्रकाशानं करायचा. लेझर चालू म्हणजे एक, बंद म्हणजे शून्य.

तुम्ही म्हणाल, वाय-फाय असताना हा उपद्व्याप कशाला? मीही विचारलं. भाचा म्हणाला, "वाय-फाय सगळेच करतात, मार्क नाही मिळत." हे उत्तर खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. कॉलेजच्या कॉरिडॉरच्या दोन टोकांनाही लेझर लावता आला असता. त्याला रिसीव्हर माझ्याच बाल्कनीत हवा होता. मी जास्त खोदून विचारलं नाही.

सामान आणायला आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. डॉ. भडकमकर मार्ग म्हटलं तर टॅक्सीवाल्याला कळत नाही, लॅमिंग्टन रोड म्हटलं की कळतं. लाल लेझरचं मॉड्यूल, तरंगलांबी ६५० नॅनोमीटर, ताकद पाच मिलिवॉट, किंमत मल्टिप्लेक्समधल्या पॉपकॉर्नपेक्षा कितीतरी कमी. दोन आर्डुइनो बोर्ड, एक फोटोडायोड, काही कपॅसिटर, एक कम्पॅरेटर आयसी. स्टेशनरीच्या दुकानातून दोन भिंगं. पीव्हीसी पाइप प्लंबरकडून फुकट.

पहिला प्रयोग माझ्या डायनिंग टेबलावर. भाच्यानं मोबाइलचं गाणं लेझरवर चढवलं, समोर बागेतल्या सोलर दिव्यातली पट्टी ठेवली आणि पट्टीला स्पीकर जोडला. गाणं वाजायला लागलं. मध्ये हात घातला की बंद, हात काढला की पुन्हा सुरू. आई त्या दिवशी माझ्याकडे होती. तिनं चार-पाच वेळा हात घालून पाहिला, मग पदर घालून पाहिला. शेवटी म्हणाली, "मना काय समजत नाय तुमचा, पण भारी हाय."

हा खेळ नवा नाही. अलेक्झांडर ग्रॅहम बेलनं १८८० मध्ये वॉशिंग्टनमध्ये नेमकं हेच केलं होतं. त्याच्याकडे लेझर कुठला? त्यानं सूर्यप्रकाश वापरला. आवाजानं थरथरणारा एक आरसा, त्यावरून परावर्तित होणारं ऊन, आणि २१३ मीटरवर सेलेनियमचा रिसीव्हर. यंत्राचं नाव फोटोफोन. टेलिफोनपेक्षा हाच शोध मोठा असं बेलला वाटायचं. दुसऱ्या मुलीचं नावसुद्धा फोटोफोन ठेवायचं त्याच्या मनात होतं. बायकोनं हाणून पाडलं, नशीब त्या पोरीचं. त्याच्याही आधी, १८६९ च्या सुमारास, हेन्री मॅन्स नावाच्या तारखात्यातल्या इंग्रजानं कराचीत हेलिओग्राफ बनवला, म्हणजे आरशानं उन्हाचे कवडसे पाठवून मोर्समध्ये बोलायचं यंत्र. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. तेव्हा हा शोध थोडाफार आपल्याकडचाच म्हणायला हरकत नाही.

टेबलावरचं गाणं सोपं होतं. खरी गंमत पुढे होती.

इंटरनेटवरच्या बहुतेक सर्किटांमध्ये रिसीव्हर म्हणून एलडीआर असतो. प्रकाश पडला की ज्याचा रोध कमी होतो तो, रस्त्यावरचे दिवे आपोआप लावणारा. स्वस्त आणि मस्त, पण महाआळशी. प्रकाश गेला तरी त्याला सावरायला कित्येक मिलिसेकंद लागतात. सेकंदाला ३०० बिट या अगदी बैलगाडीच्या वेगानंही एक बिट जेमतेम ३.३ मिलिसेकंदांचा. म्हणजे एलडीआर पहिल्या बिटातून जागा होईपर्यंत तिसरा बिट दारात. फोटोडायोड त्याच्या हजारो पट चपळ, म्हणून आम्ही तो घेतला. पण तो प्रामाणिकही फार. जे दिसेल ते सगळं सांगतो. त्याला लेझर दिसला, आणि समोरच्या सोसायटीच्या जिन्यातला दिवाही दिसला. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्तातले एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते जाणवत नाही, फोटोडायोडला जाणवतं. स्क्रीनवर अक्षरांऐवजी नुसता कचरा यायला लागला.

यावर तोडगा भाच्यानं शोधला, आणि तो पाहून मला त्याच्याबद्दल पहिल्यांदा धंद्यातला आदर वाटला. त्यानं मँचेस्टर कोडिंग वापरलं. यात 'एक' म्हणजे उजेड आणि 'शून्य' म्हणजे अंधार असं सरळ नसतं. प्रत्येक बिटाच्या मध्यावर उजेडाचा अंधार किंवा अंधाराचा उजेड व्हायलाच लागतो, आणि तो बदल कुठल्या दिशेनं झाला त्यावरून एक की शून्य ते ठरतं. त्यामुळे लेझर सतत वेगानं लुकलुकत राहतो, कधीच फार वेळ शांत बसत नाही. मग १०० हर्ट्झचा संथ कचरा एका कपॅसिटरनं गाळून टाकता येतो. वेग ठेवला सेकंदाला १२०० बिट. तुमच्या घरचा फायबर याच्या लाखपट धावत असेल. पण १२०० बिट म्हणजे सेकंदाला १२० बाइट, आणि आम्हाला कुणाला सिनेमा पाठवायचा नव्हता.

देवनागरीचा मामलाही मजेशीर निघाला. इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये जातं, आपलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना वेगळा मोजायचा, वेलांटी वेगळी, पाय मोडायचा तर तोही वेगळा. 'आत्या' हा शब्द दिसतो दोन अक्षरी, पण आ, त, पाय मोडल्याची खूण, य आणि काना मिळून होतात पंधरा बाइट. "तू महागडी आहेस," असं भाचा म्हणाला. हे त्याच्या घरी आधीच ठरलेलं आहे, हे मी त्याला सांगितलं नाही.

आता मुख्य भानगड, नेम. लेझर टेबलावर दहा फुटांवर धरणं वेगळं आणि १३० मीटरवर टिकवणं वेगळं. या अंतरावर एक अंश हलला की ठिपका सव्वादोन मीटर सरकतो, म्हणजे माझ्या बाल्कनीतून शेजारच्यांच्या बेडरूमवर. सुतारी काम भाच्यानं केलं. प्लायवूडचे दोन तुकडे, मध्ये तीन स्प्रिंगा, तीन कोपऱ्यांत तीन बोल्ट. बोल्ट पूर्ण एक फेरा फिरवला की फळी एक मिलिमीटर कलते आणि समोर ठिपका १.३ मीटर सरकतो. म्हणून फिरवायचा तो पाव फेरा, अर्धपाव फेरा, श्वास रोखून.

पण गच्चीवर उभ्या माणसाला समोर ठिपका कुठे पडलाय हे कळणार कसं? इथे कामाला आला सायकलचा रिफ्लेक्टर. तो पडलेला प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवतो. मी तो रिसीव्हरच्या पाइपाच्या तोंडाशी चिकटवला. लेझर नेमका पाइपावर आला की गच्चीवरच्या माणसाला माझ्या बाल्कनीत एक लाल डोळा चमकताना दिसतो. या टोकाला कुणी असावं लागत नाही, फोन करावा लागत नाही. एकट्याला जमतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि सेफ्टी. पाच मिलिवॉट ऐकायला किरकोळ वाटतो, पण थेट डोळ्यात गेला तर इजा करू शकतो. विमानतळाच्या परिसरात लेझर आकाशात सोडायला तर पोलिसांची मनाई असते, आणि ते योग्यच आहे. म्हणून आमचा लेझर दादाच्या गच्चीवरून खाली, माझ्या तिसऱ्या मजल्याकडे रोखलेला, कुणाच्याही डोक्यावरून जाणारा, मागे माझ्या बाल्कनीची भिंत. उलट्या दिशेनं, माझ्याकडून वर, लेझर लावायचाच नाही हे मी पहिल्या दिवशी ठरवलं. तिथे साधा लाल एलईडी आणि पुढे भिंग. झेक प्रजासत्ताकात रोन्या नावाचा एक घरगुती प्रकल्प होता. त्या मंडळींनी २००१ पासून असल्याच एलईडी आणि भिंगांच्या जोडीनं १.४ किलोमीटरवर सेकंदाला एक कोटी बिट पाठवून दाखवले होते. मला तर फक्त 'मिळालं' एवढंच कळवायचं होतं.

पहिला धड मेसेज आला २९ डिसेंबर २०२४ ला. तारीख लक्षात राहायचं कारण वेगळं आहे. त्या दुपारी नवी मुंबई विमानतळाच्या धावपट्टीवर पहिलं प्रवासी विमान चाचणीसाठी उतरलं. ऑक्टोबरमध्ये हवाई दलाचं उतरून गेलं होतं, पण हे आपल्या नेहमीच्या प्रवाशांचं. रविवार होता. दादा समोर गच्चीवर उभा होता, शेजारी आई, वहिनी, भाचा. दादा हात लांब करून आईला काहीतरी दाखवत होता. काय दाखवत असणार ते मला इतक्या लांबूनही कळत होतं. आमची भातखाचरं कुठे होती, विहीर कुठे होती. मी माझ्या बाल्कनीतून त्याच दिशेला बघत होते. मला फक्त आवाज आला. मधे इमारती आहेत.

रात्री साडेनऊला स्क्रीनवर अक्षरं उमटली. 'आत्या जेवलीस का'. भारताच्या अंतराळ संस्थेनं २०२१ मध्ये अहमदाबादेत दोन इमारतींमध्ये ३०० मीटरवर प्रकाशानं क्वांटम की पाठवली, तेव्हाही प्रयोग रात्रीच केला होता, ऊन मध्ये येऊ नये म्हणून. त्यांचं काम कुठे आणि आमचं कुठे, पण अंधार दोघांनाही लागला, याचा मला जरा अभिमान वाटला.

पुढचे दोन महिने म्हणजे हवामान खात्याशी ओळख. पावसापेक्षा प्रकाशाचं वैर धुक्याशी जास्त. जानेवारीत पहाटे गाढीवरून धुकं चढायचं आणि समोरची इमारतच नाहीशी व्हायची, मग लिंक कसली! धूळ तर आमच्याकडे बारमाही. दुपारी ऊन पाइपात शिरून फोटोडायोडला आंधळं करायचं. पाइपाला आतून काळा कागद लावला आणि तोंडावर लाल जिलेटीन, तेव्हा सकाळ-संध्याकाळ तरी धकायला लागलं. पतंगांचा मोसम आला तेव्हा एका पोराच्या मांजानं लेझरची वायरच तोडली. ही यादी नासाच्या लोकांना दाखवली तर ते हसतील. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी ३ कोटी १० लाख किलोमीटरवरच्या यानातून लेझरनं व्हिडिओ पाठवला, आणि तो कशाचा? लेझरच्या ठिपक्यामागे धावणाऱ्या मांजराचा. पण माझ्या मनात बसलं ते काँगो नदीचं उदाहरण. ब्राझाव्हिल आणि किन्शासा ही दोन देशांच्या राजधानीची शहरं नदीच्या दोन काठांवर, एकमेकांना दिसतील अशी. तरी इंटरनेटची वायर नदी टाळून चारशे किलोमीटरहून जास्त वळसा घालून यायची आणि पलीकडच्यांना भलतीच महाग पडायची. २०२१ मध्ये गुगलच्या भावंड कंपनीच्या 'तारा' प्रकल्पानं दोन काठांवर प्रकाशाची यंत्रं लावली, मध्ये अंतर ४.८ किलोमीटर, आणि वीस दिवसांत सुमारे ७०० टेराबाइट डेटा पार झाला. समोर दिसतंय, पण जायचं वळसा घालून. मला हे फार ओळखीचं वाटलं. दादाच्या घरातली प्रत्येक बातमी माझ्यापर्यंत आईच्या गुडघ्यांवरून चालत येते.

प्रोजेक्ट म्हटला की रिपोर्टमध्ये 'उपयोग' नावाचं प्रकरण लागतं. उपयोग सापडला तो करंजाड्याच्या सनातन प्रश्नात, पाण्यात. आमच्या भागात पाणी येतं ते वेळ न सांगता, बहुतेकदा पहाटे, आणि दाब असेल तेवढाच वेळ. दादाची इमारत त्याच लाइनवर आमच्या आधी. तिथे पाणी आलं की साधारण वीस मिनिटांनी आमच्याकडे येतं. आमच्याकडे तेव्हा वॉचमन झोपेत, पंप बंद, आणि तो उठेस्तोवर पाणी गेलेलं. मग टँकर. म्हणून भाच्यानं दादाच्या स्वयंपाकघरात एक डबी बसवली, दोन बटणांची. एक दाबलं की माझ्याकडे बझर वाजून स्क्रीनवर 'पाणी आलं', दुसऱ्यानं 'पाणी गेलं'. 'पाणी आलं' म्हणजे बावीस बाइट, सेकंदाच्या पाचव्या हिश्शात माझ्या घरात. मी माझ्या डबीवरचं एकुलतं बटण दाबलं की एलईडीवरून त्यांच्याकडे सहा हा आकडा जातो. कॉम्प्युटरच्या जुन्या आस्की संकेतांत सहा नंबरचा अर्थ 'पोचलं'. तो मिळाला की त्यांच्या डबीवर हिरवा दिवा लागतो.

बटण बहुतेक वेळा आई दाबायची. पहाटे उठणारी तीच. फेब्रुवारी-मार्चमध्ये मी कितीतरी वेळा बझर ऐकून खाली धावले आणि वॉचमनला हलवून पंप लावला. सोसायटीत माझी पत एकदम वाढली. सेक्रेटरीकाकांना वाटायचं, माझी पाणीपुरवठ्यात ओळख आहे.

एप्रिलमध्ये तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी भाच्याला विचारलं, वाय-फायनं हे होणार नाही का? भाचा म्हणाला, "होईल सर, पण त्यासाठी दोन्ही घरांनी एकमेकांना पासवर्ड द्यायला लागेल." मार्क चांगले पडले. मे महिन्यात तो चाकणला एका कारखान्यात ट्रेनी म्हणून रुजू झाला आणि तिथेच खोली घेऊन राहिला. सामान उतरवायचं त्याच्या मनात होतं, मीच म्हटलं, पावसाळ्यापर्यंत राहू दे. (पावसानंही २०२५ साली कहर केला. २६ मे रोजीच मुंबईत दाखल. सगळं धावतपळत उतरवलं आणि पुन्हा चढवलं नाही. २५ डिसेंबरपासून तर डोक्यावर खरीखुरी विमानं सुरू झाली. आज हे करायचं तर दोन्ही टोकांना एलईडीच लावीन.)

पण मे महिन्याचं राहिलं. उन्हानं प्लायवूड वाकलं आणि लेझरचा नेम गेला. बझर बंद. स्क्रीन कोरी. आईला दोन जिने चढून गच्चीवर जाणं शक्य नाही, वहिनीला बोल्ट कुठले ते माहीत नाही. दहा-बारा दिवसांत सोसायटीनं तीन टँकर मागवले आणि सेक्रेटरीकाका मला विचारायला लागले, तुमच्या माणसाची बदली झाली का?

मग एका रात्री साडेअकराच्या सुमाराला मी कपडे काढायला बाल्कनीत गेले आणि शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या पाइपवर लाल ठिपका दिसला. तो उजवीकडे सरकला, फार सरकला. मग परत डावीकडे. थांबला. मग भिंतीवरून हळूहळू वर, खालच्या मजल्याच्या ग्रिलवर, माझ्या कुंडीवर. कुणीतरी पाव पाव फेरा मारत होतं. समोर गच्चीवर मोबाइलचा टॉर्च पेटलेला होता, जमिनीवर ठेवल्यासारखा, आणि त्या उजेडात गुडघ्यावर बसलेल्या माणसाची पाठ. रुंद, बाबांसारखी. मी लाइट न लावता, बाजूला भिंतीला टेकून उभी राहिले. ठिपका एकदा पाइपाच्या जवळून गेला, निसटला, पुन्हा आला. रिफ्लेक्टर पेटला. समोरची पाठ क्षणभर स्थिर झाली, मग एकेक बोल्टाचा नट आवळल्याची हालचाल दिसली, आणि टॉर्च विझला.

भाच्याला मी मेसेज केला, तू दादाला शिकवलंस का? त्याचं उत्तर आलं, "नाही आत्या. ते फक्त बघत बसायचे."

पहाटे पाच वीसला बझर वाजला. स्क्रीनवर 'पाणी आलं'. मग काही क्षणांनी पुन्हा 'पाणी आलं'. आई कधी दोनदा दाबत नाही.

मी बटण दाबलं, सहा पाठवला, आणि वॉचमनला उठवायला खाली धावले.